नंबर पुसलेले दगड

छत्रपती संभाजीनगर
२ डिसेंबर २०२४

प्रिय सुदर्शन,

सलाम. तुझा नंबर मिळवून दोन-तीनदा फोन केला. दर वेळी तुझ्या मुलीनं उचलला. बाबा साइटवर आहेत, तिथं रेंज नसते, तुम्ही पत्रच पाठवा, त्यांना पत्र फार आवडतं, असं म्हणाली. एम.एस्सी.ला असताना तुला साधं जर्नल लिहायचा कंटाळा होता, सगळं माझ्या वहीतून उतरवायचास. आणि आता पत्रं आवडतात म्हणे. असो. लिहिते.

आपला भूशास्त्र विभाग बंद होतोय. यंदा पहिल्या वर्षाला कुणीच आलं नाही. शेवटच्या वर्षाची पोरं एप्रिलमध्ये परीक्षा देऊन जातील, मग खोलीला रंग देऊन तिथं कॉम्प्युटर लॅब होईल. मला भूगोलात बसवणार आहेत. नोकरी राहील. भांडायची ताकद गेल्या दोन वर्षांत संपली, त्यामुळं त्याबद्दल काही लिहीत नाही.

प्रश्न कपाटांचा आहे. आपल्याकडं कुठंही खोदलं तरी काळा दगडच लागतो. समुद्रात साठलेला, शंख-शिंपले पोटात घेतलेला दगड पोरांच्या हातात द्यायचा तर कच्छला जावं लागायचं. तिथल्या टेकड्यांचे ज्युरासिक थर, जुमारा, कीरा, झुरा, हबो, इथून दर दोन-तीन वर्षांनी एक सहल दगड घेऊन आली. आपलीही आली. ती सगळी कपाटं आता रिकामी करायची आहेत. पुण्याच्या एका संशोधन संस्थेचं संग्रहालय घ्यायला तयार आहे. अट एकच. प्रत्येक दगड कोणत्या टेकडीवरचा, कोणत्या थरातला, हे लिहून हवं. नाही घेतले तर आमचे प्राचार्य ते नव्या पार्किंगच्या भरावात टाकणार. ते चेष्टेत बोलत नव्हते.

आता तू म्हणशील, रजिस्टरमध्ये सगळं लिहिलेलं असेल की. आहे. प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, त्यावर नंबर, आणि नंबरापुढं रजिस्टरात गाव आणि थर. पण ऑक्टोबरमध्ये माझ्या नवऱ्याची, नोमानची बायपास झाली, मी रजेवर होते, आणि तेव्हाच मूल्यांकन समिती यायची होती. सगळं चकाचक दिसलं पाहिजे असा निरोप वरून आला. आमच्या प्रयोगशाळेतल्या पुंजारामांनी तो मनावर घेतला. एकेक दगड ॲसिडनं धुतला, तारेच्या ब्रशनं घासला, वर वार्निश मारलं आणि लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडला. मी परत आले तर कपाटात मिठाईचं दुकान. नंबर एकाही दगडावर नाही.

वार्निश त्यांनी पदरचे पैसे घालून आणलं होतं. दारात उभे राहून माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हटलं, छान केलंत. दुसरं काय म्हणणार.

तू तिथंच राहतोस. त्या टेकड्या तुझ्या रोजच्या आहेत आणि वर्गात जीवाश्म तुझ्याइतके कुणाला कळत नव्हते. मी पेट्या पाठवते. बघून सांगशील?

तुझी,
सगीरा


नखत्राणा, जि. कच्छ
१६ डिसेंबर २०२४

आदरणीय आपा,

नमस्कार. पत्र पोचलं. नोमानभाईंना आता बरं असेल. पथ्य सांभाळायला सांगा. बायपासनंतर माणूस बरा होतो, पण त्याला भाकरीबरोबर खर्डा नाही म्हणणारं कुणीतरी लागतं.

पुंजारामांचा वृत्तान्त मुलीला, श्रेयाला सांगितला. ती हसली, मी नाही हसलो. म्हणजे थोडं हसलो.

इथलं म्हणाल तर ठीक. भूकंपानंतर पाण्याच्या सर्व्हेला आलो आणि इथलाच झालो हे तुम्हाला माहीत आहेच. शेतकऱ्यांना बोअरची जागा दाखवतो. हल्ली मशीनवाली पोरं आली आहेत, त्यामुळं माझ्याकडं कमी येतात. श्रेयाची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. ती इथल्या शाळेत भूगोल शिकवते.

पेट्या पाठवा. फार वर्षांनी कुणी मला दगड बघायला सांगतंय. एक मात्र आधीच सांगतो, तुम्हालाही ते माहीत आहे. शंखाचं कवच बघून काळ सांगता येतो, गाव सांगता येत नाही. एकच थर चार टेकड्यांवर डोकं काढतो. गाव सांगायचं तर शंखाला चिकटून आलेला दगड बघावा लागतो, त्याचा दाणा, त्याचा रंग. पुंजारामांनी तेवढा शिल्लक ठेवला असेल तर जमेल.

आपा म्हणायची सवय अजून गेली नाही. सहलीला निघताना स्टेशनवर तुमच्या अब्बांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “बेटा, ये तुम्हारी आपा है, खयाल रखना.” आपा म्हणजे थोरली बहीण, आणि वयानं तुम्ही माझ्याहून लहान. पण त्या दिवसापासून सगळा वर्ग तुम्हाला आपा म्हणायला लागला, परतीच्या वाटेत तर सरसुद्धा.

आपला,
सुदर्शन


छत्रपती संभाजीनगर
४ जानेवारी २०२५

प्रिय सुदर्शन,

पेट्या काल चिकलठाण्याहून ट्रान्सपोर्टनं सुटल्या. प्रत्येक दगड वर्तमानपत्रात गुंडाळलाय आणि नवा नंबर दोऱ्यानं बांधलाय. रंगानं नाही. खिळे पुंजारामांनी ठोकलेत, इतके ठोकलेत की पेटी उघडताना तुला शिव्या आठवतील.

यादी फेब्रुवारीअखेर पुण्याला द्यायची आहे. मी रोज दुपारी रिकाम्या कपाटांसमोर बसून शेवटच्या वर्षाच्या पोरांना बेसॉल्ट शिकवते. त्यांनाही ठाऊक आहे की आपण शेवटचे. एक मुलगी म्हणाली, मॅडम, आमच्यानंतर कुणी विचारणारच नाही तर आम्ही पाठ कशाला करायचं? मी म्हटलं, परीक्षेत विचारतील म्हणून. याहून चांगलं उत्तर सुचायला हवं होतं.

नोमान बरा आहे, पण चिडचिड करतो. खर्ड्याचं तू बरोबर ओळखलंस.

आणि हो, तुझं अक्षर किती सुधारलंय. कॉलेजात तुझं जर्नल तपासताना सर चष्मा पुसायचे.

सगीरा


नखत्राणा
५ फेब्रुवारी २०२५

आदरणीय आपा,

झालं एकदाचं. यादी सोबत आहे, पेट्याही परत निघाल्या. बराचसा माल हबो आणि जुमाऱ्याचा निघाला, काही कीरा, थोडा झुरा. ज्या थरात शंख सगळ्यांत जास्त सापडतात तो ढोशाचा दाणेदार थर, त्यातले पुष्कळ आहेत. सहलीची पोरं तिथंच तुटून पडायची, आपणही पडलो होतो.

वार्निशनं त्रास दिला. पण एका दगडानं समाधान दिलं. नंबर ८६. अर्धा कापलेला शंख, आतले कप्पे आरशासारखे घासलेले. जुमाऱ्याचा, खालच्या थरातला, शंका नको. कुणीतरी फार जीव लावून घासलाय तो. आपल्या वेळचा नसावा, नाहीतर लक्षात राहिला असता.

थकलोय. जास्त लिहीत नाही.

सुदर्शन


छत्रपती संभाजीनगर
२१ फेब्रुवारी २०२५

सुदर्शन,

यादी पुण्याला पोचली. त्यांचं उत्तर चार दिवसांत आलं, संग्रह उत्तम आहे, मार्चमध्ये गाडी पाठवतो. मी विभागात चहा मागवला. पुंजाराम लेबलं चिकटवत होते, मी वाचून दाखवत होते. शहाऐंशी नंबर आला. मी वाचलं, जुमारा, कच्छ. त्यांनी लेबल हातातच धरून ठेवलं.

“ह्यो कच्छचा नाय, मॅडम.”

मी विचारलं, मग कुठला.

“अजिंठ्याचा. लेण्याच्या पायथ्याला दुकानं हायेत ना, तिथून मीच आनला. कमिटी यायची व्हती, ट्रेमधी एक जागा रिकामी व्हती, दात पडल्यावानी दिसत व्हतं. दुकानवाला म्हनला फारेनचा माल हाय, तिकडून घासूनच येतो.”

नंतर स्वतःच म्हणाले, “चुकलं का काय माझं?”

मी त्यांना घरी पाठवलं. मग ज्यांच्याबद्दल मला स्वतःला खात्री आहे असे दगड काढले. झुऱ्याच्या पायथ्याचा एक पिवळट तुकडा आहे, तो मीच दोन सहलींमागं आणला होता आणि त्याच्या तुटक्या टोकावरून तो मला कुठंही ओळखू येतो. तुझ्या यादीत तो हबोचा आहे. एक लाकडाचा दगड झालेला ओंडका, तोही हबो. जे मला माहीत आहेत त्यांतले निम्म्याहून जास्त चुकलेत.

चूक कुणाचीही होते. पण शंका नको असं तू लिहिलंस, आणि परदेशातला दगड जुमाऱ्याच्या खालच्या थरात नेऊन ठेवलास. वर्गात सर चुकले तर सरांना सांगणारा तू. त्यामुळं सरळ विचारते. तू ते दगड बघितले होतेस का?

सगीरा


नखत्राणा
२ मार्च २०२५

सगीरा आत्या,

सादर नमस्कार. मी श्रेया. इथं सगळे फोई म्हणतात, पण बाबा म्हणतात आत्याच लिही. तुमचं पत्र मी वाचलं. आजवरची सगळी पत्रं मीच वाचली आहेत आणि उत्तरंही मीच लिहिली आहेत. अक्षर माझं आहे. बाबांचं पुढंही तसंच राहिलं, पण आता ते लिहीत नाहीत.

त्यांना साखरेचा त्रास आहे. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या मागच्या पडद्यावर रक्त उतरलं. अहमदाबादला लेसर केलं, इंजेक्शनं झाली. एका डोळ्यानं काहीच दिसत नाही, दुसऱ्यानं उजेड आणि माणसाची आकृती कळते. बोअरच्या जागा दाखवणं तेव्हाच सुटलं. मशीनवाल्या पोरांमुळं नाही. तुम्ही फोन करायचात तेव्हा ते समोरच बसलेले असत. हातानं नाही म्हणत. बोलताना आवाजावरून तुम्हाला कळेल, असं त्यांना वाटायचं.

पेट्या आल्या तेव्हा ते फार खूश होते. मी एकेक दगड सोडून त्यांच्या हातात द्यायची. ते बोटानं चाचपत, जिभेला लावत, मग मला विचारत, रंग कसा? मी भूगोल शिकवते, आत्या, पण मला पाठ्यपुस्तकातला दगड कळतो, हातातला नाही. आणि वार्निशमुळं सगळे सारखेच तपकिरी चमकत होते. मी म्हणायची तपकिरी. ते म्हणायचे लालसर तपकिरी का? मी म्हणायची, असेल. मग ते म्हणायचे, हबो लिही. तुमच्या यादीत हबो इतका का आहे, ते आता तुम्हाला कळलं असेल.

पहिल्या दोन पेट्यांपर्यंत मला वाटत होतं त्यांना खरंच कळतंय. नंतर एकच दगड चुकून दुसऱ्यांदा हातात गेला आणि त्यांनी वेगळी टेकडी सांगितली. मी गप्प बसले. त्या दिवसांत ते सकाळी दाढी करून बसायचे. मला ते मोडवलं नाही.

यात माझी चूक त्यांच्याइतकीच आहे. खालचा मजकूर त्यांनी सांगितलाय, मी जसाच्या तसा लिहिते.

श्रेया

आपा,

पोरीनं सगळं सांगितलंच आहे. मी काही वाढवत नाही.

एवढंच म्हणतो, यादी राहू द्या. पुण्यात ते दगड कपाटात जातील, कपाटाला कुलूप लागेल. कोण बघणार आहे? मागं घेतली तर तुमचे प्राचार्य ते पार्किंगखाली पुरतील. चुकीच्या गावाचा का होईना, पण दगड राहील. नसेल पटत तर पेट्या परत इकडं पाठवा. मी रिक्षा करून नदीत सोडून येतो. निदान आपल्या मुलखात तरी पडतील.

तुम्ही विचारलंत, बघितले होते का. हातात घेतले होते. प्रत्येक.

सुदर्शन


छत्रपती संभाजीनगर
११ मार्च २०२५

प्रिय सुदर्शन, आणि प्रिय श्रेया,

पत्र आलं त्या दिवशी मी रागावून उत्तर लिहिलं आणि फाडलं. दुसऱ्या दिवशी रडू आलं म्हणून लिहिलं नाही. आज दोन्ही नाही, नुसता थकवा आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही.

डोळ्यांचं मला सांगायला हवं होतंस. मी पेट्या पाठवल्या नसत्या, पण पत्रं पाठवली असती.

यादी मी मागं घेतली. पुण्याला लिहिलं की ओळख पटवण्यात आमच्याकडून चूक झाली, गाडी पाठवू नका. कुणाची चूक ते लिहिलं नाही. त्यांनी एप्रिलअखेरची मुदत दिली आहे. कोण बघणार, असं तू विचारलंस. कधीतरी एखादी पोरगी कपाट उघडेल, लेबल वाचेल आणि त्यावर विश्वास ठेवून हबोला जाईल. उन्हात टेकडी चढून जे तिथं नाहीच ते शोधत बसेल. मला तिची दया येते. नदीत सोडायचंही तेच. झुऱ्याचा दगड हबोच्या पाण्यात पडला तर पुढचा माणूस तो हबोचाच म्हणणार. आपण दोघं पहिल्यापासून हेच शिकलो ना, की दगड जिथं सापडला तिथून उचलला की अर्धा मुका होतो.

आता माझं म्हणणं ऐक. आमचं दगड कापायचं मशीन लिलावाच्या यादीत आहे, पण लिलाव मेमध्ये. तोवर ते माझं. पुंजारामांचं ॲसिड आणि वार्निश वरवरच गेलंय, आतला दगड जसा होता तसाच आहे. मी शंख कापते. कापलेल्या बाजूचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघते, दाणा कसा आहे, मध्ये काय भरलंय. पण ताडून बघायला मला खात्रीचा दगड हवा, टेकडीवरून, थरातून, हातोडीनं काढलेला. प्रत्येक टेकडीच्या प्रत्येक थराचा अंगठ्याएवढा तुकडा पुरे. श्रेया, शनिवारी-रविवारी जमेल का? थर कुठला ते बाबांना विचार. रंग सांगू नकोस त्यांना. फक्त सांग, खालून वर जाताना मऊ कुठं संपतं आणि कठीण कुठं सुरू होतं. ते त्यांना टेकडी न बघता कळेल, त्यांनी पायानं मोजलेल्या आहेत त्या.

शंख कापले की त्यांची शोभा जाते. पुण्याला चालेल, मी विचारलं. मला किती चालेल ते कापताना कळेल. पहिला कापला तेव्हा पुंजाराम बाहेर जाऊन उभे राहिले.

एक मात्र कापणार नाही. मोठा शंख, ताटाएवढा, जो दर बॅचचा फोटो काढताना पुढं ठेवतात. तो जुमाऱ्याचा आहे. आपल्या सहलीला मीच काढला, येताना गाडीत मांडीवर घेऊन आले. पाय सुन्न झाले होते माझे. त्याचं गाव मी कपाळावर लिहून देईन.

सगीरा


नखत्राणा
३० मार्च २०२५

आत्या,

तुकडे पाठवलेत. प्रत्येक वेगळ्या पिशवीत, पिशवीत चिठ्ठी, चिठ्ठीवर टेकडी आणि खालून कितवा थर. बाहेरूनही लिहिलंय, आतली चिठ्ठी फाटली तर.

कीरा आणि जुमारा झालं. झुरा निम्मं. हबो राहिलं, ऊन फार वाढलंय आणि शाळेची परीक्षा सुरू झाली. बाबा बरोबर येतात. पायथ्याशी वेड्या बाभळीच्या सावलीत पाण्याची बाटली घेऊन बसतात आणि खालून ओरडतात, मी वरून ओरडते. मेंढ्यांमागचा एक म्हातारा बराच वेळ बघत होता. शेवटी त्यानं बाबांना विचारलं, मुलीचं काय हरवलंय? बाबा म्हणाले, तिचं नाही, माझं.

पहिल्या दिवशी आमचं भांडण झालं. मी म्हटलं कठीण थर संपला, ते म्हणाले शक्यच नाही, अजून वर आहे. मी चिडून वर चढले. होता. दुसऱ्या दिवशी उलट झालं, ते म्हणाले इथं मऊ माती लागेल, लागली नाही. परत आल्यावर त्यांनी मान्य केलं. घरी येताना रिक्षात ते म्हणाले, “चुकलो की सांगत जा. तेव्हाही सांगायला हवं होतंस.” मी म्हटलं, हो.

पुढचं त्यांचं.

आपा,

मोठ्या शंखाबद्दल. तो जुमाऱ्याचा नाही. कीऱ्याचा आहे. सहलीचा शेवटचा दिवस होता, तुम्ही सरांबरोबर पुढं गेला होता, मी मागं राहून काढला. माझी पिशवी आधीच भरली होती म्हणून गाडीत तुमच्या मांडीवर दिला. पाय सुन्न झाले हे खरं, घरी पोचेपर्यंत तुम्ही मला त्यावरून बोलत होता.

माझ्या सांगण्याला आता किंमत नाही, हे मला माहीत आहे. शंका नको असं मी लिहिणार नाही. पण लक्षात आहे ते सांगितलं.

सुदर्शन


छत्रपती संभाजीनगर
२२ एप्रिल २०२५

प्रिय सुदर्शन,

श्रेया हे तुला सावकाश वाचून दाखवील. घाई नाही.

काम संपलं. संपलं म्हणजे थांबलं. जुमारा आणि कीऱ्याचे बरेच दगड ताडून मिळाले, झुऱ्याचे थोडे. ते पुण्याला जातील, दोन पेट्या. बाकीचे, म्हणजे अर्ध्याहून जास्त, कुठलेच म्हणता आले नाहीत. त्यांतले किती हबोचे आणि किती नुसतेच माहीत नसलेले, तेही सांगता येत नाही. त्यांना “कच्छ, थर माहीत नाही” असं लेबल लावून भूगोल विभागाच्या कपाटात ठेवलंय. प्राचार्यांशी त्यावरून थोडं बोलणं झालं. शेवटी ते म्हणाले, ठेवा मॅडम, एक कपाटच ना. मला वाटतं तेही थकलेत.

नंबर ८६ पुंजारामांना परत दिला. त्यांच्या नातीला आवडतो म्हणे.

आता मोठ्या शंखाचं. तुझं पत्र वाचून मी आधी तुझ्यावर हसले. नंतर घरी जाऊन त्या सहलीचा विचार करत बसले, जुमाऱ्याला मी तो कसा काढला ते आठवायला लागले. हातोडी आठवेना. कुठल्या बाजूनं ठोकला, कुणी धरला, काहीच आठवेना. आठवते ती फक्त गाडी आणि मांडीवरचं वजन. इतकी वर्षं दर बॅचला मी सांगत आले, हा मी जुमाऱ्याला काढला. पोरांनी ते वहीत लिहून घेतलंय.

दोन दिवस तो टेबलावर तसाच होता. कापला नाही तर पुण्याला एक अख्खा, देखणा नमुना गेला असता आणि लेबलावर माझा शब्द चालला असता. मग मला वाटलं, तुझी सगळी यादी मी मागं घेतली, माझा एक दगड मात्र तपासायचा नाही, हे बरं दिसत नाही. पुंजारामांना म्हटलं, मशीनवर चढवा. ते म्हणाले, “ह्योबी?” मी म्हटलं, ह्योबी. पाण्याची धार सोडून त्यांनी तो धरला, मी चाक फिरवलं. बराच वेळ लागला. शेवटी आवाज बदलला आणि तो दोन हातांत दोन झाला.

आतल्या भरावात गोल सोनेरी दाणे आहेत, मोहरीसारखे, एकाला एक चिकटून. जुमाऱ्याच्या तुम्ही पाठवलेल्या एकाही तुकड्यात तसे नाहीत. कीऱ्याच्या पिशव्यांत आहेत, खालून तिसऱ्या थराच्या. मी स्लाइड करून दोन्ही शेजारी ठेवल्या, शेवटच्या वर्षाच्या पोरांना बोलावून काही न सांगता विचारलं. सगळ्यांनी सारखंच सांगितलं. हबोचा दगड आला नाही, म्हणून शंभर टक्के म्हणत नाही. पण मला पटलंय.

नव्या यादीत या दगडापुढं लिहिलंय, कीरा, आणि काढणारा म्हणून तुझं पूर्ण नाव. मी पोरांनाही सांगितलं की इतकी वर्षं मी चुकीचं सांगत होते. तीच मुलगी, पाठ कशाला करायचं म्हणणारी, तिनं वही काढून जुमारा खोडलं.

संग्रहालयाला अर्धाच पुरतो, मी विचारून घेतलंय. दुसरा अर्धा उद्या तुझ्याकडं निघतोय. कापलेल्या बाजूला मी काही लावलेलं नाही, घासलेलंही नाही. मधले काही कप्पे भरायचे राहून गेलेत, आत बारीक स्फटिक आहेत, बोटाला टोचतात. मधून सुरुवात कर आणि बोट बाहेरच्या बाजूला फिरवत ने. कप्पे मोठे होत जातात. शेवटचा सगळ्यांत मोठा आहे, तिथं ते जनावर राहत होतं.

तुझी,
सगीरा